अम्लशामके आणि प्रतिजैविके : आपल्या भस्मकल्पांचाही विचार हवा

"डॉक्टर, त्या अँटिबायोटिकच्या गोळ्या फार उष्ण पडल्या. छातीत, पोटात नुसती आग उठली आहे. थंड पडेल असे काहीतरी द्या." हे वाक्य ज्याच्या चिकित्सालयात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येत नाही, असा वैद्य महाराष्ट्रात विरळाच. रुग्णाची तक्रार खोटी नसते. अनेक प्रतिजैविकांनी मळमळ, आम्लोद्गार, उरोदाह ही लक्षणे उत्पन्न होतात. आपणही सहजपणे कामदुधा, प्रवाळपंचामृत किंवा सूतशेखर यांची पुडी बांधून देतो व "दुधाबरोबर घ्या" असे सांगतो. रुग्णास बरे वाटते, तो समाधानाने घरी जातो. परंतु त्याच वेळी त्याने घेतलेले प्रतिजैविक रक्तात पोहोचले की नाही, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

आरंभी आमच्या हातून घडलेली एक चूक नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने पीडित अशा एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. मूत्राचे कल्चर झालेले होते. जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देणारे होते व त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनांनी ते औषध ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा सुरू केले होते. बाईंना उरोदाहाचा त्रास होऊ लागला, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. आम्ही मौक्तिकयुक्त कामदुधा व प्रवाळपंचामृत सकाळ-सायंकाळ दुधातून घेण्यास सांगितले. प्रतिजैविक कोणत्या वेळी घेता, हे विचारले नाही. बाईंनी सोयीसाठी दोन्ही औषधे एकाच वेळी घेतली. शिवाय औषधाच्या दुकानातून आम्लपित्तावरचे अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअमयुक्त पातळ औषध आणून तेही दोन-दोन चमचे त्याच सुमारास घेत होत्या. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, कुक्षिशूल सुरू झाला व त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मूत्र पुन्हा तपासले, तेव्हा जंतू तेच होते व त्याच औषधाला अद्यापि दाद देणारे होते. शिरेवाटे औषधयोजना केल्यावर बाई बऱ्या झाल्या. फिजिशियनांनी दूरध्वनीवरून आम्हांस एकच प्रश्न विचारला, "बरोबर आणखी काय काय चालू होते?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना आमची आम्हांलाच लाज वाटली.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु हा सिद्धान्त नवा नाही. तो सत्तरहून अधिक वर्षे ज्ञात आहे.

इतिहास : एक जुना धडा

टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले औषध ऑरिओमायसिन हे १९४८ साली जगापुढे आले. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत बेंजामिन डुग्गर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून ते मिळवले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. अमेरिकेस जाण्यापूर्वी सुब्बाराव मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात अध्यापन करीत असत, हे आपल्या वाचकांस जाणून संतोष वाटेल.

ऑरिओमायसिनने रुग्णांना मळमळ होऊ लागली, तेव्हा तेथील चिकित्सकांनी आपल्यासारखाच विचार केला व त्याजबरोबर अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे जेल देण्यास प्रारंभ केला. मळमळीसाठी योजलेल्या या जेलमुळे औषधाचे शोषण घटते व रक्तातील प्रमाण खाली येते, असे १९५० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. पुढे दूध, लोह, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व जस्त यांबाबतही हेच आढळले. १९८० च्या दशकात फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील औषधे प्रचारात आल्यावर त्यांच्याबाबतही तोच अनुभव आला.

हे घडते कसे?

या विषयात तीन भिन्न प्रक्रिया आहेत. त्यांची सरमिसळ झाली की सल्लाही चुकतो.

पहिली प्रक्रिया बंधनाची. टेट्रासायक्लिन व फ्लुओरोक्विनोलोन यांच्या रेणूंत ऑक्सिजनच्या अशा जागा आहेत, की ज्या धातूच्या कणास दोन बाजूंनी धरून ठेवतात. रसायनशास्त्रात यास कीलेट म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीवरून आला आहे व तो अन्वर्थक आहे. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, अ‍ॅल्युमिनिअम, लोह वा जस्त नांगीत सापडले म्हणजे तयार होणारे संयुग आतड्याच्या भित्तीतून सहजी पार होत नाही व पुष्कळसे मलावाटे निघून जाते. येथे प्रश्न आम्लतेचा नसून धातूचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी प्रक्रिया आम्लतेच्या बदलाची. सेफपोडॉक्सिम प्रॉक्सेटिल व सेफ्युरॉक्सिम अ‍ॅक्सेटिल यांस विरघळण्यासाठी जठरातील आम्लाची गरज असते. आम्ल उणे झाले, की त्यांचे शोषणही उणे होते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, फॅमोटिडीन ही औषधे धातू वाहून आणत नाहीत. म्हणून ती सिप्रोफ्लॉक्सासिन वा डॉक्सिसायक्लिन यांस बांधून ठेवत नाहीत. परंतु सेफपोडॉक्सिम व सेफ्युरॉक्सिम यांना मात्र ती बाधक ठरतात. त्यांचा परिणाम दिवसभर टिकत असल्यामुळे तेथे दोन-चार तासांचे अंतर ठेवूनही काम भागत नाही.

तिसरी प्रक्रिया विलंबाची. अम्लशामकामुळे औषध आतड्यातून रक्तात येण्याची गती मंदावते, परंतु एकूण प्रमाण बदलत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे असे आहे. अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअम अम्लशामकाबरोबर दिल्यास त्याची रक्तातील कमाल पातळी सुमारे एक चतुर्थांशाने खाली येते, पण एकूण शोषण तेवढेच राहते.

प्रमाण किती?

ज्यांच्याविषयी आकडे सुस्थापित आहेत, त्यांतील ठळक येथे देत आहोत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पाच-दहा मिनिटे आधी अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअमयुक्त अम्लशामक दिले असता शोषण सुमारे ८५ टक्क्यांनी घटते. दोन तास आधी दिले तरी घट तीन चतुर्थांशाच्या आसपास राहते आणि चार तास आधी दिल्यास सुमारे ३० टक्के. उलट, प्रतिजैविक प्रथम घेऊन दोन तासांनी अम्लशामक दिल्यास लक्षणीय घट होत नाही. म्हणजे कोणते औषध आधी व कोणते नंतर, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. "दोन तासांचे अंतर ठेवा" एवढेच मोघम सांगणे अपुरे आहे.

कॅल्शिअम कार्बोनेटने सिप्रोफ्लॉक्सासिनचे शोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटते. नुसत्या दुधाने वा दह्यानेही सुमारे एक तृतीयांश घट होते व नॉरफ्लॉक्सासिनच्या बाबतीत ती निम्म्याच्या घरात जाते. लेव्होफ्लॉक्सासिनवर हा परिणाम तुलनेने कमी, पण आहेच.

डॉक्सिसायक्लिन दुधाने फारसे अडत नाही. सुमारे २० टक्के घट होते. परंतु अ‍ॅल्युमिनिअम व लोह यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. त्यातही लोहाची गोष्ट वेगळी आहे. डॉक्सिसायक्लिन रक्तातून पुन्हा आतड्यात उतरते व तेथे लोह त्यास गाठते. शिरेवाटे दिलेल्या डॉक्सिसायक्लिनचा अर्धायुकाल मुखावाटे दिलेल्या लोहाने घटतो, हे १९७० च्या दशकातच दाखवले गेले आहे. म्हणून तेथे अंतर ठेवण्यापेक्षा तेवढे दिवस लोह थांबवणेच श्रेयस्कर.

अ‍ॅमॉक्सिसिलिन व सेफिक्झिम यांचे शोषण अम्लशामकांनी लक्षणीय घटत नाही. तेव्हा प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर अम्लशामक वर्ज्य, असा सरसकट नियम करू नये. हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या चिकित्सेत तर आम्लता घटवणारे औषध प्रतिजैविकांबरोबर हेतुतः दिले जाते व त्याने लाभच होतो.

आपली औषधे या चित्रात कोठे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. "आपली औषधे म्हणजे अँटासिड नव्हेत" असे आपण म्हणतो व कर्माच्या दृष्टीने ते योग्यही आहे. कामदुधेचे कार्य केवळ आम्ल मारण्यापुरते नाही. परंतु कल्पातील द्रव्य काय आहे, हे नाकारता येत नाही. शंख, शुक्ति, कपर्दिका, प्रवाळ, मुक्ता ही पाचही द्रव्ये मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटची आहेत. तीव्र पुटांनी त्यातील काही अंश चुन्यात रूपांतरित होतो, पण कॅल्शिअम राहतेच. प्रवाळपंचामृतात ही पाचही एकत्र आहेत. मौक्तिकयुक्त कामदुधेत याच पाचांसह सुवर्णगैरिक व गुडूचीसत्त्व आहे. सूतशेखर व शंखवटी यांत शंखभस्म आहे. गोदंती हे कॅल्शिअमचेच दुसरे लवण. गैरिक, मंडूर व लोह ही लोहाची रूपे. नवायस लोह, धात्री लोह, पुनर्नवा मंडूर, सप्तामृत लोह, ताप्यादि लोह हे आपल्या नित्य वापरातील कल्प आहेत. यशदभस्म हे जस्ताचे.

थोडे गणित करून पाहू. कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शिअम असते. म्हणजे ५०० मिलिग्रॅम शंखभस्मातून सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शिअम पोटात जाते. गाईच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते. म्हणजे एक मात्रा शंखभस्म हे मोठ्या पेलाभर दुधाच्या जवळपास झाले. त्यावर अनुपान म्हणून पुन्हा दूध दिले, तर भार दुप्पट होतो. रुग्णाच्या पथ्यात नाचणीचे सत्त्व असेल, तर त्यातही भर पडते, कारण नाचणी हे कॅल्शिअमने संपन्न धान्य आहे.

वर दिलेले टक्के प्रत्येक भस्मास जसेच्या तसे लागू करू नयेत. भस्माची विद्राव्यता, पुटांची संख्या, मात्रा व अनुपान यांनुसार परिणाम उणा-अधिक होणार. लोहाची भस्मे ही विद्राव्य लोहलवणांहून वेगळी वागतात. परंतु जठरातील आम्लात शंखभस्म विरघळते व कॅल्शिअम मोकळे होते, यात शंका घेण्यास जागा नाही. आम्लपित्तात ते उपयुक्त ठरते, त्यामागे हेही एक कारण आहे. ज्या गुणाने ते लाभते, त्याच गुणाने ते येथे अडसर बनते.

प्राचीनांची दृष्टी

हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्धाचे अठरा प्रकार सांगताना संयोगविरुद्ध, कालविरुद्ध, क्रमविरुद्ध, मात्राविरुद्ध यांचा पृथक् उल्लेख आहे. दोन हितकर द्रव्येही एकत्र आल्याने अहितकर होऊ शकतात, हे सूत्र तेथे स्पष्ट आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात अभक्त, प्राग्भक्त, अधोभक्त, मध्यभक्त, अन्तराभक्त, सभक्त, सामुद्ग, मुहुर्मुहु, ग्रास व ग्रासान्तर असे दहा औषधकाल सांगितले. वाग्भटांनी निशि हा काल गणनेत घेतला. औषध कोणते, याइतकेच ते केव्हा, यास ज्या शास्त्राने महत्त्व दिले, त्या शास्त्राच्या वैद्याने पुडीवर केवळ "सकाळ-सायंकाळ" असे लिहून थांबावे, हे उचित नव्हे. त्या शिक्षिकेच्या बाबतीत आम्ही औषधकाल विसरलो, ही आमची खरी चूक होती.

व्यवहारात काय करावे?

रुग्ण सिप्रोफ्लॉक्सासिन सकाळी ७ व सायंकाळी ७ वाजता घेतो, असे समजू. धातुयुक्त औषधापूर्वी दोन तास किंवा त्यानंतर सहा तास, हा या औषधाचा नियम आहे. त्यानुसार आपल्या कल्पास सकाळी ९ ते दुपारी १ हा अवकाश मिळतो. दुपारच्या जेवणापूर्वीचा प्राग्भक्त काल त्यात सहज बसतो. रात्री ९ नंतर निशिकालही मिळतो, मात्र मध्यरात्री १ पूर्वी. म्हणजे दोन वेळा कल्प देऊनही प्रतिजैविकास बाधा येत नाही. डॉक्सिसायक्लिन याच वेळांना असेल, तरी हीच योजना चालते, फक्त लोह व मंडूर पूर्ण थांबवावे. लेव्होफ्लॉक्सासिनसाठी आधी व नंतर दोन-दोन तास, तर मॉक्सिफ्लॉक्सासिनसाठी आधी चार व नंतर आठ तास हा नियम आहे.

चिकित्सा पाच-सात दिवसांचीच असेल, तर खनिजकल्प तेवढे दिवस थांबवणे अधिक सोपे व अधिक सुरक्षित. पांडुरोगात लोह आठवडाभर थांबल्याने हानी होत नाही. जंतुसंसर्गात प्रतिजैविक आठवडाभर निष्फळ गेल्यास हानी होते. दाहासाठी मधल्या काळात साळीच्या लाह्यांचे पाणी, धणे-जिऱ्याचे हिम, मनुका अशी साधी योजना करता येते.

डॉक्सिसायक्लिनविषयी आणखी एक सूचना. त्याने होणारी छातीतील आग पुष्कळदा आम्लपित्ताची नसते. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण झाल्याने ती होते. घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल घेऊन लगेच आडवे होणाऱ्यांत हे विशेष आढळते. अशा रुग्णास शंखभस्म देऊन दुहेरी नुकसान होते. व्रणाचे कारण तसेच राहते व औषधही वाया जाते. जेवणानंतर, बसून, पेलाभर पाण्याबरोबर कॅप्सूल घ्यावी व निदान अर्धा तास आडवे होऊ नये, एवढे सांगितले की बहुतेक तक्रार मुळातच उद्भवत नाही. गिळताना तीव्र वेदना होत असल्यास मात्र औषध लिहिणाऱ्या चिकित्सकाकडे रुग्णास विनाविलंब पाठवावे.

हे औषध आपल्या प्रदेशात किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. तेव्हापासून पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांस प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देण्याचा परिपाठ पडला आहे. कोकणात भातलावणीच्या दिवसांत हा विकार नित्याचा आहे. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेथेही मुख्य आधार डॉक्सिसायक्लिनचाच होता. अशा ज्वरांत पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध रक्तात पोहोचले नाही, तर वृक्क, यकृत व फुप्फुसे यांवर घाला पडतो. त्या दिवसांत रुग्णाच्या हाती "पोट थंड राहण्यासाठी" दिलेली पुडी त्याच्या जिवावर बेतू शकते.

आणखी एक हानी लगेच दिसत नाही. रक्तात औषधाची पातळी अपुरी राहिली, की दुर्बल जंतू मरतात व चिवट जंतू उरून वाढतात. जंतूंच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्न आज साऱ्या वैद्यकापुढे उभा आहे. त्यात आपल्या पुडीमुळे भर पडू नये, इतकी दक्षता आपण निश्चित घेऊ शकतो.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींस

ही साखळी अखेर दुकानाच्या फळीवर पूर्ण होते. रुग्ण एका हातात फिजिशियनांची चिठ्ठी व दुसऱ्या हातात वैद्यांची चिठ्ठी घेऊन येतो, तेव्हा दोन्ही एकत्र पाहणारे केवळ आपणच असता. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांची नोंद २०१४ पासून एच-१ नोंदवहीत करावीच लागते. ती नोंद करतानाच "आम्लपित्ताचे, रक्तवाढीचे, कॅल्शिअमचे किंवा भस्माचे औषध चालू आहे काय?" हा एक प्रश्न विचारावा. पाकिटावर गोळीचे नाव व वेळ लिहिता, त्याखाली "दूध, अँटासिड, भस्म याबरोबर नको" एवढे शब्द लिहिण्यास फार वेळ लागत नाही. अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशिअमची पातळ औषधे, सुक्राल्फेट, जस्ताच्या गोळ्या व खनिजयुक्त जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांसही हाच नियम लावावा. सुक्राल्फेटमध्ये अ‍ॅल्युमिनिअम असते, हे पुष्कळदा विसरले जाते. गॅसवरील अनेक आयुर्वेदिक गोळ्यांत शंखभस्म असते, तेव्हा वेष्टनावरील घटक वाचूनच त्या द्याव्यात.

उपसंहार

भस्मकल्पांविषयी कोणाच्या मनात संशय निर्माण करावा, हा आमचा हेतू नाही. आमच्या चिकित्सालयात कामदुधा व प्रवाळ आजही तितक्याच विश्वासाने दिले जातात. बदल झाला आहे तो एवढाच, की प्रत्येक नव्या केसपेपरवर आम्ही "अन्य औषधे व त्यांची वेळ" असा एक रकाना छापून घेतला आहे. तो रिकामा असेल, तर पुडी बांधली जात नाही. त्या शिक्षिका आजही आमच्याकडे येतात. मध्यंतरी दातांच्या दुखण्यासाठी त्यांना प्रतिजैविक दिले गेले, तेव्हा आमच्याकडे येताच त्यांनी पर्समधून गोळ्यांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले व म्हणाल्या, "आधी हे बघा, मग तुमचे काय ते द्या." अ‍ॅमॉक्सिसिलिन होते. आम्ही ते पाहिले, वेळ विचारली, आणि मगच लेखणी उचलली.